पाण्याच्या तुटक रेघा

गाडी वादीच्या मधोमध आडवी झाली, पाणी माझ्या मांडीवर आलं, आणि इनास तुस्कानो स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाला, "पाणी काढणं सगळ्यांत अवघड, चाची. माणसाचं चित्र कोणीही काढील. पाण्याचं नाही."

"इनास," मी म्हटलं, "तोंड बंद कर आणि काचा उघड."

त्याने बटणं दाबली. त्याच्या बाजूची काच उतरली. बाकीच्या तिन्ही होत्या तिथेच राहिल्या. पुढे तो आणि त्याची बायको सिसिल, मागे मी आणि माझी नात सना. वादी म्हणजे इकडची एरवी कोरडी असणारी नदी. डोक्यावर लख्ख ऊन होतं. पाऊस लांब डोंगरात पडून गेला होता आणि त्याचं पाणी चहाच्या रंगाचं होऊन, काटक्या, प्लास्टिकचे डबे आणि एक मेलेली बकरी घेऊन आमच्यापर्यंत आलं होतं. सिसिलच्या पायाजवळची पिशवी फुटली आणि गाडीभर लिंबं तरंगायला लागली.

गाडी घसरत घसरत एका झाडाला टेकली. इनास खिडकीतून टपावर चढला. सनाला वर घेतलं. मग सिसिलने खालून ढकललं, त्याने वरून ओढलं आणि मी भाताच्या पोत्यासारखी वर गेले. दोन्ही गुडघे सोलले. शेवटी सिसिल आली. टपावर सिनेमाच्या पडद्याचं भलंमोठं भेंडोळं बांधलेलं होतं, ते धरून चौघं बसलो.

"आता?" सिसिलने नवऱ्याला विचारलं.

तो पाण्याकडे बघत होता. "रेघा तर तुटक होत्या," तो म्हणाला.

या वाक्याचा अर्थ कळायला इनास माहीत असावा लागतो. आम्हाला माहीत होता. तरी त्याच्या गाडीत बसलो, हा आमचा शहाणपणा.

मस्कतला वादी कबीर नावाच्या वस्तीत तो आमच्या समोरच्या दाराआड राहायचा. माझा मोठा मुलगा रफीक तिथे गाड्यांच्या सीटा शिवतो. नवरा वारला तेव्हा रफीकने रत्नागिरीच्या घराला कुलूप लावलं आणि मला इकडे आणलं. मी चौथी शिकलेली बाई. पोरं कामावर, नातवंडं शाळेत, टीव्हीवर सगळं अरबी नाहीतर इंग्रजी. इनासची ड्यूटी कधी सकाळची, कधी संध्याकाळची, त्यामुळे दुपारी तो घरी असायचा. बाकीच्या बिल्डिंगने त्याला दार उघडायचं केव्हाच सोडलं होतं. मी नवीन होते. मी उघडलं.

इनास वसईचा. उंच, काटकुळा, पँट बेंबीच्या वर. एका हॉटेलात माईक आणि पडदे लावायचं काम. गळ्यात साखळी, साखळीत क्रूस, आणि क्रूसाच्या शेजारी लोखंडी कपाटाची किल्ली. कपाटात पैसे नव्हते, सोनं नव्हतं. एका जपानी सिनेमाची तबकडी होती.

सिनेमा जुना, हाताने काढलेल्या चित्रांचा. इनास तरुण असताना त्याच्या बोटीवरच्या भावाने त्याची कॅसेट आणली होती, आणि तेव्हापासून हा माणूस दुसऱ्या कशाच्या कामाचा राहिला नाही. गोष्ट सांगते. माणसं पृथ्वी सोडून निघून गेलीत. एक मुलगी आणि एक यंत्र एका बुडालेल्या शहरात मागे राहिलीत. मुलगी जहाजाची वाट बघते आहे. जहाज येतं की नाही, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, कारण इनासने सिनेमा कधी तिथवर जाऊच दिला नाही.

त्याची पद्धत अशी. तो चहा द्यायचा, सिनेमा लावायचा, आणि खुर्चीच्या कडेवर बसायचा. दोन मिनिटं झाली की उजवा हात वर. हातात रिमोट. "थांबा!" पडद्यावर मुलगी तोंड उघडं टाकून थिजलेली.

"हे कोणाला माहीत नाही," इनास म्हणायचा. "बाकीचे लोक आधी चित्र काढतात, मग आवाज भरतात. यांनी आधी आवाज भरला. मग त्या आवाजाबरहुकूम ओठ काढले. मुलीचा आवाज देणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी होती. म्हणून बघा, नाक लाल काढलंय."

मी बघितलं. नाक लाल नव्हतं.

मग पुढे. पुन्हा हात वर. "थांबा! या यंत्राचा आवाज कशाचा आहे सांगा. भाताच्या कुकरच्या झाकणाचा. हे कोणाला माहीत नाही." आता हे आमच्या वॉचमनलाही माहीत होतं. खालच्या किराणावाल्याला माहीत होतं. कुकर घ्यायला दुकानात गेलं तरी लोकांना इनास आठवायचा.

एक मात्र मला खरंच आवडलं होतं. ते लोक पारदर्शक कागदावर पुढून रेघ काढायचे आणि कागद उलटा करून मागून रंग भरायचे. म्हणजे समोरून बघणाऱ्याला ब्रशचा फटकारा दिसत नाही. मी म्हटलं, "आमची रफूवाली पण असंच करते. टाका मागून." तो नाराज झाला. जपान्यांची तुलना रत्नागिरीच्या रफूवालीशी केलेली त्याला चालायची नाही.

त्याच्या माहितीला आणखी एक खोड होती. ती वाढायची. सिनेमातलं पाणी म्हणे एकाच माणसाने काढलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो माणूस एक पावसाळा नदीकाठी बसला होता. पुढच्या वर्षी तीन पावसाळे झाले. सनाला गोष्ट सांगितली तेव्हा त्या माणसाने नदीकाठी झोपडी बांधली होती, आणि रमजानात मी पुन्हा ऐकलं तेव्हा त्याने तिथल्याच एका बाईशी लग्नही केलं होतं.

"मुलं किती झाली?" मी विचारलं.

सिसिल स्वयंपाकघरातून ओरडली, "पुढच्या ईदपर्यंत होतील, चाची! जरा दम धरा!"

सिसिल एका शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळायची. चार बसमधली मुलं गप्प बसतील एवढा आवाज. जाड, काळी, हसरी. नवऱ्याची चेष्टा ती तोंडावर करायची आणि त्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल कोणी एक शब्द बोललं तर त्याची सालटी काढायची. ती मला म्हणाली होती, "लग्नानंतर पहिल्यांदा हा सिनेमा बघायला बसवलं. मला वाटलं, चला, सिनेमा दाखवणारा नवरा मिळाला. मुलगी घराबाहेर पडेपर्यंत जेवायची वेळ झाली. अजून आमची मुलगी त्या जिन्यावरच आहे."

"मग एकटीने बघून टाक," मी म्हटलं. "सना म्हणते, मोबाईलवर सगळं मिळतं."

"एकटीने बघितलं तर त्याला कळेल."

"कसं कळेल?"

"माझ्या तोंडावर कळेल. मला शेवट माहीत आहे हे माझ्या तोंडावर दिसेल, आणि तो बिचारा मरेल." मग हसली. "त्याच्या शेजारी बसून, एकदा, न थांबता बघायचाय. एवढंच. मी काय फ्लॅट मागतेय?"

ती हे त्यालाही सांगायची. दर नाताळला काय पाहिजे विचारलं की तेच. तो म्हणायचा, "नक्की, यंदा नक्की." आणि यंदा पुन्हा हात वर. "थांबा!"

हॉटेलातही त्याने हाच धंदा केला. एका लग्नात माईक तपासायचा होता. माणसं वन टू थ्री म्हणतात. इनास म्हणाला, "मंडळी, एका जपानी सिनेमात एक खिडकी रंगवायची राहून गेली आहे." आणि मग ती कुठली, का राहिली, रंगवणारा टेबलाखाली कसा झोपला होता, सगळं. नवरानवरी दारात उभी. नवऱ्याचा मामा स्टेजवर चढला तेव्हा इनासला वाटलं, हार घालायला आला. मामाने माईकची वायर काढली. त्यानंतर साहेबाने त्याला माईक तपासायला बंदी केली. फक्त पडदे.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तो संत्री घेऊन आला. डोळ्यावर पट्टी, मी पलंगावर. म्हणाला, "चाची, डोळ्यातला पांढरा ठिपका ते लोक सगळ्यांत शेवटी ठेवतात. तोवर चेहरा पूर्ण असला तरी माणूस मेलेला दिसतो. ठिपका ठेवला की जिवंत."

"आणि माझा ठिपका?"

"डॉक्टरने ठेवलाय ना."

संत्री आंबट होती.

आता त्या रेघांचं. इनास सांगायचा की त्या स्टुडिओच्या भिंतीवर पाण्याचा एक नियम चिकटवलेला होता. उथळ पाणी काढायचं तर पांढऱ्या, तुटक रेघा. खोल पाणी काढायचं तर गडद रंग आणि लांब, सलग रेघ. चित्रापुरता हा नियम चांगला असेल. पण इनासने तो भिंतीवरून काढून जगाला लावला. समुद्रावर सहलीला गेलो की मुलांना किनाऱ्यावर उभं करायचा. "ती बघा, तुटक रेघ, तिथे घोट्याएवढं. ती सलग, तिथे जायचं नाही." किनाऱ्यावर हे जमून जायचं, कारण लाट उथळात फुटते हे कावळ्यालाही माहीत असतं. पण दर वेळी बरोबर आलं, आणि दर वेळी तो आमच्याकडे असा बघायचा की जणू समुद्र त्याच्या परवानगीने फुटतो.

मग मंडळाने त्याला बोलावलं. मस्कतमध्येच अल् घुब्राकडे आपल्या लोकांचं एक मंडळ आहे. गणपती, हळदीकुंकू, मुलांची भाषणं. तिथल्या देवधरांना कोणीतरी सांगितलं की वादी कबीरला एक माणूस सिनेमाच्या पडद्यामागच्या गोष्टी सांगतो. देवधरांनी इनासला ऐकलेलं नव्हतं, म्हणून बोलावलं. पण माणूस हुशार. अट घातली. "तुस्कानो, आधी तुम्ही बोला, काय बोलायचं ते. मग सिनेमा सलग. मध्ये एकदाही थांबवायचा नाही. रिमोट माझ्याकडे."

इनास हो म्हणाला. सिसिलने मला फोन केला. मी तेव्हा मस्कतपासून लांब, सहमला धाकट्या मुलाकडे, निसारकडे, सनाला घेऊन राहायला गेले होते. निसारचं तिथे किराणा दुकान आहे.

"चाची, ऐकलंत का? रिमोट देवधरांकडे! मी ड्रेस शिवायला टाकलाय."

"सिनेमाला ड्रेस?"

"लग्नाला शिवला होता ना? मग हे लग्नाचंच राहिलेलं आहे."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दोघं सहमला आले. तिथल्या मंडपवाल्याकडचा मोठा पडदा इनासला हवा होता, हॉटेलवाल्यांनी त्याला आपला द्यायला नकार दिला होता. परत जाताना मला आणि सनाला घेऊन जायचं ठरलं. पडदा टपावर बांधला. आणि सिसिलला लिंबं हवी होती. निसारच्या अर्बाबचं, म्हणजे दुकानाच्या अरब मालकाचं, शेत आत डोंगराच्या बाजूला आहे, वादीच्या पलीकडे. तिथली लिंबं लोणच्याला नामी. गेलो तेव्हा वादीत पाण्याचा टिपूस नव्हता. गाडीच्या चाकाखाली गोटे करकरत होते. लिंबं तोडली, अर्बाबच्या घरी खजूर खाल्ले, आणि परत आलो तर वादी वाहत होती.

ओमानात राहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वादीला पाणी आलं की गाडी बंद करायची आणि बसायचं. पाणी जसं येतं तसं जातं. काठावर दोन गाड्या आधीच थांबल्या होत्या. माणसांनी चटई टाकली होती, थर्मासमधून कहवा ओतणं चालू होतं. जणू पाणी बघायलाच आलेत. एक म्हातारा अरब उठून आमच्याकडे आला, खिडकीवर हात ठेवला आणि अरबी मिसळलेल्या हिंदीत म्हणाला, "सबर करो. पानी वाजिद, बहुत. बैठो, कहवा पियो."

इनास खाली उतरला. काठावर उभा राहिला. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून पाणी बघितलं. संध्याकाळी देवधर हॉल उघडतील, अध्यक्षांचं स्वागत करतील, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माणसं त्याचं ऐकायला खुर्च्या मांडून बसणार होती.

तो परत आला. "घोट्याएवढं आहे."

"तो माणूस काय म्हणतोय ते ऐकलंस का?" मी विचारलं.

"त्यांना सवय आहे बसायची. चाची, रेघा बघा. पांढऱ्या, तुटक. सगळीकडे तुटक."

"खाली दगड आहेत म्हणून तुटक. पाणी आपटतंय."

"तेच तर. दगड वर आलेत म्हणजे पाणी उथळ."

सिसिल म्हणाली, "इनास, थांबू या. सिनेमा कुठे पळतोय?"

"सिनेमा नाही पळत. हॉल पळतो. साडेआठला दुसऱ्यांना दिलाय. मग सलग कसा दाखवणार?"

सिसिल मागे वळली, टपावरून काचेवर लोंबणारं पडद्याच्या दोरीचं टोक तिने बघितलं, आणि पुढे तोंड करून बसली. मी म्हटलं, "मला आणि पोरीला उतरव, मग तुला जायचं तिथे जा." मी दाराला हात घातला तोवर चाकं पाण्यात होती. मागे तो म्हातारा ओरडत होता. इनासने आरशात बघून त्याला हात केला, जसं काही तो निरोप द्यायला उभा होता.

अर्ध्यापर्यंत खरंच घोट्याएवढं होतं.

तर आता पुन्हा टपावर या. चौघं, एक पडदा, एक झाड. काठावर माणसं धावताना दिसत होती. सना रडत होती आणि इंग्रजीत काहीतरी म्हणत होती. ती घाबरली की तिचं मराठी पहिलं जातं. सिसिलने तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. बसमधला आवाज काढला.

"सना, इकडे बघ. पाण्याकडे नाही. अंकल आज पूर्ण सिनेमा सांगणार आहेत. न थांबता. काय हो, सांगणार ना?"

इनास पांढरा पडला होता. "आता?"

"आता नाहीतर कधी? हॉल गेला तुझा. आम्हीच पब्लिक. सुरू कर."

"अंकल, प्लीज पॉझ नका करू," सना म्हणाली.

त्याने सुरू केलं. एक मुलगी असते, एक यंत्र असतं. मला सांगायला आवडत नाही, पण त्याने बरं सांगितलं. मुलगी जिना उतरली. आम्ही कोणी तिला जिना उतरलेलं बघितलं नव्हतं. ती बुडालेल्या बाजारातून गेली. यंत्राचा एक पाय मोडला, तिने तो छत्रीच्या दांडीने बांधला. सनाचं रडणं थांबलं. पाणी टपाच्या कडेला लागलं होतं, पण मीसुद्धा ऐकत होते. दुसरं काम नव्हतं. मुलगी उंच मनोऱ्याच्या गच्चीवर चढली. लांब काळोखात तिला एक दिवा दिसला.

"आणि इथे गंमत अशी," इनास म्हणाला, "की तो दिवा..."

"गंमत राहू दे," सिसिल म्हणाली. "पुढे."

"ऐक तर. हे कोणाला माहीत नाही. तो दिवा काढायचाच नव्हता. कागदाला भोक पडलं होतं, मागचा प्रकाश..."

"इनास! जहाज येतं की नाही?"

तेवढ्यात काठावरून हाका आल्या. कोणीतरी शेतावरचा मोठ्या चाकांचा ट्रॅक्टर आणला होता. तो जमेल तेवढा पाण्यात उतरला आणि त्यावरच्या माणसाने दोरी फेकली. पहिल्यांदा लांब पडली. दुसऱ्यांदा इनासने पकडली. सनाच्या काखेखालून बांधली. ती ओढली गेली, बुडाली, वर आली, ट्रॅक्टरवरच्या माणसाने तिला केसांना धरून उचललं. दोरी परत आली.

"सिसिल, तू," इनास म्हणाला.

"चाचींना आधी," ती म्हणाली.

"मी म्हातारी. तू जा," मी म्हटलं.

"चाची, म्हातारं माणूस टपावर राहिलं तर रफीक मला बिल्डिंगमध्ये घेईल का?" तिनेच माझ्या छातीला गाठ मारली. घट्ट, शाळेच्या बसमधल्या पोराला बांधतात तशी. "आणि मला शेवट ऐकायचाय. तुम्ही जा."

ती हसत होती. मी पाण्यात पडले. नाकातोंडात चिखल गेला. काठाला लागले तेव्हा मी मागे वळून बघितलं.

दोरी तिसऱ्यांदा फेकली होती. ती इनासच्या हातात होती. ती सिसिलला बांधायची होती. तो तिला काहीतरी सांगत होता, हात वर करायला सांगत असेल. आणि झाड मुळासकट गेलं. गाडी उलटली. दोरी इनासच्या हातात होती, म्हणून इनास ट्रॅक्टरकडे ओढला गेला. पडद्याचं भेंडोळं सुटलं आणि पाण्यावर उलगडलं, पांढरं, लांबच लांब. सिसिलने ते धरलेलं मला दिसलं. मग पडदा वळणापलीकडे गेला.

सूर्य मावळायच्या आत ती खाली एका बांधाजवळ सापडली. पडदा तिच्याभोवती होता.

पोलिसांनी इनासला विचारलं, सगळे थांबले होते, तू का गेलास? दुभाषा केरळचा होता. इनास म्हणाला, "रेघा तुटक होत्या." दुभाष्याने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी दुभाष्याने साहेबाला अरबीत काहीतरी सांगितलं आणि साहेबाने इनाससाठी पाणी मागवलं. तो पेला इनासने टेबलावर लांब सरकवला.

बिल्डिंगमधले लोक म्हणाले, बिचारा. मी म्हटलं नाही. बिचारी ती होती. त्याला थांबवायला आयुष्यभर कोणी मिळालं नाही असं कोणी म्हणू नये. काठावर थर्मास घेऊन माणूस उभा होता.

सिसिलला वसईला न्यायचं होतं. कागदपत्रं व्हायला काही दिवस लागले. त्या दिवसांत रफीकची बायको त्यांच्या घरी डबा पोचवायची. शेवटच्या दिवशी मी नेला. भात आणि बांगड्याचं तिखलं. दार उघडंच होतं.

टीव्ही चालू होता. तोच सिनेमा. इनास खुर्चीच्या कडेवर नाही, पाठ टेकून बसला होता. लोखंडी कपाट उघडं. रिमोट टेबलावर, आणि त्याच्या शेजारी त्यातली बॅटरी काढून ठेवलेली. मला खाली बसता येत नाही, म्हणून मी सिसिलच्या खुर्चीत बसले. त्याने मान वळवली नाही.

मुलगी जिना उतरली. बाजारातून गेली. यंत्राचा पाय मोडला. एके ठिकाणी मागच्या घरांच्या रांगेत एक खिडकी पांढरीच राहिली होती, रंगवायची विसरलेली. म्हणजे ते खरं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा उजवा हात मांडीवर पडला होता.

मुलगी गच्चीवर चढली. दिवा दिसला. मला वाटलं, आता थांबवील. बॅटरी बाहेर होती, कसा थांबवील?

जहाज येतं. त्यात कोणी नसतं. मुलगी आणि यंत्र त्यात बसतात की नाही हे दाखवत नाहीत. पाणी दाखवतात, खूप वेळ, आणि मग नावं वर सरकायला लागतात, जपानी अक्षरांत. पूर्वी कधी चुकून भलतं बटण दाबून सिनेमा थेट नावांवर गेला की इनास बोट ठेवून सांगायचा, हा आवाजवाला, हा रंगवाला, हा पाणी काढणारा.

मी विचारलं, "यातला पाणी काढणारा कुठला?"

मी मुद्दाम विचारलं.

नावं सरकत राहिली. "माहीत नाही, चाची," तो म्हणाला. "मला जपानी वाचता येत नाही."

"मग भिंतीवरचा तो नियम?"

"कोणीतरी लिहिला होता."

"कुठे?"

पडदा काळा झाला. मी डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "जेव. विमानात काही देत नाहीत." तो जेवला. सगळं जेवला. संध्याकाळी तो एक बॅग घेऊन खाली उतरला. किल्ली गळ्यात नव्हती. टॅक्सीचं दार धरून उभा राहिला, बिल्डिंगकडे एकदा बघितलं, उजवा हात अर्धा वर नेला आणि तसाच खाली घेतला. मग बसला. तो परत आला नाही.

सना अजून कधी कधी विचारते, सिनेमा संपला का? मी म्हणते, संपला. जहाज आलं.

त्या दिवशी वादीत आम्ही चौघं होतो. मी, सना आणि इनास वाचलो.